गाडी वळेल एवढी जागा

नाशिक जिल्ह्यात जमीन काही कमी नाही. पण बत्तीस फुटांची बस उभी करून फुकटात चार दिवस राहायचं म्हटलं, की जिथे एरवी कुत्रंही फिरकत नाही अशा माळाला एकदम मालक फुटतो. कोणी मोटरसायकलवरून येतो, कोणी शिट्टी वाजवत येतो, कोणी नुसताच लांब उभा राहून फोन लावतो. "काय हे? शूटिंग आहे का? पिक्चरवाले का तुम्ही?" पहिल्या दोन-चार वेळा मी नीट उत्तर दिलं. नंतर म्हणायला लागले, "हो, हिरॉइन मीच आहे." आमचे हे कपाळाला हात लावायचे.

बस आम्ही हौसेने घेतली नव्हती. हौस करण्याचं वय आणि डोकं दोन्ही केव्हाच मागे राहिलं. बस घेतली लेकीसाठी.

आमची लेक तेवीस वर्षांची आहे. लहान असतानाच डॉक्टरांनी ऑटिझम सांगितला. तिला बोलता येत नाही, पण आवाज आहे, आणि आवाज म्हणजे काय विचारू नका. स्वतःच्या हाताने जेवते, केस विंचरू देते, मेथी निवडायला बसलं की पानं एका ओळीत लावत बसते. आणि दिवसातून केव्हातरी, बहुतेक सांज व्हायला लागली की, छाती भरून ओरडते. "आऽऽऽ" असं लांब, सरळ. श्वास संपला की थांबते, परत घेते, परत ओरडते. अर्धा तास, कधी त्याहून जास्त. चेहरा मात्र शांत असतो. इतकी वर्षं मी तो चेहरा बघतेय, त्यामुळे पोरीला त्रास होतोय असं मला कोणी सांगायला येऊ नये.

पण लोक येतात. आम्ही तिसऱ्या मजल्यावर फ्लॅटमध्ये राहतो. खिडक्यांना दुहेरी काचा बसवल्या, भिंतीला गाद्या लावल्या, तरी बेल वाजायचीच. "ताई, आमच्या मुलाची दहावी आहे हो." आमच्या इमारतीत दरवर्षी कोणाची ना कोणाची दहावी असतेच. मी तरी किती जणांशी भांडणार? तिने तोंड उघडलं की माझे पाय आपोआप खिडकीकडे धावायचे. आधी खिडक्या, मग दार, मग पंखा फुल्ल. हातातली पोळी करपली तरी चालेल, पण खिडकी आधी.

शेवटी डॉक्टरांनी गोळी वाढवली. पोर गप्प झाली. शेजारच्या काकूंनी मला जिन्यात थांबवून सांगितलं, "किती छान सुधारणा आहे हो." मला त्यांच्या हातातली भाजीची पिशवी हिसकावून खाली फेकावीशी वाटली. कसली सुधारणा? पोर ओरडत नव्हती तशी हसतही नव्हती. मेथीची जुडी समोर ठेवली तर बघायची नाही. तोंडातून लाळ गळायची, ती मी पुसायची. भिंतीला टेकवून ठेवलेली वस्तू असावी, तशी बसून असायची.

मी डॉक्टरांकडे जाऊन भांडले. तो माणूस चांगला आहे, माझं भांडण ऐकून घेतो. म्हणाला, "गोळी कमी करता येईल. पण आवाज परत येणार, आणि तो आला की तिला दाबायचं नाही, गप्प बस म्हणायचं नाही. थोडे दिवस तिला मोकळं राहू द्या, मग कळेल की तिला खरंच गोळी किती लागते. अशी जागा आहे का तुमच्याकडे? असेल तर सांगा. नसेल तर आहे तीच गोळी चालू ठेवावी लागेल, शेजारी राहतात शेवटी." संक्रांतीनंतर परत यायला सांगितलं.

जागा. आमच्याकडे कुठली जागा? माझ्या माहेरचा फुलांचा मळा होता, त्यावर आता इमारती आहेत. लॉजचं सांगायलाच नको. त्र्यंबकेश्वरला एकदा दर्शनाला म्हणून राहिलो, तर मॅनेजर रात्रीचं जेवण होण्याआधीच हात जोडून आला. बाकीचे भाविक पूजेसाठी लांबून आले आहेत म्हणे. मग आम्ही काय तिथे पापड वाळवायला गेलो होतो? धरणाच्या काठावर तंबूवाले आहेत, त्यांनी फोनवरच नाही म्हटलं.

तेव्हा आमचे हे म्हणाले, "घरच घेऊन जाऊ." ह्यांचं ट्रकच्या बॉडी बांधायचं गॅरेज आहे. हाताला काम माहीत, पत्रा माहीत, वेल्डिंग माहीत. एका शाळेने काढून टाकलेली बस ह्यांनी आणली, बाकडी उपटली, आणि आतमध्ये लेकीसाठी कठड्याचा पलंग, एक ओटा, मागे संडास, टपावर पाण्याची टाकी असं सगळं बसवलं. बाहेरून मात्र ती अजून शाळेचीच दिसते. एकदा सिग्नलला एका बाईने दप्तरासकट पोराला आत चढवायचा प्रयत्न केला.

गाडी झाली, आता उभी कुठे करायची ते राहिलं. आणि हे मला वाटलं होतं त्याहून कितीतरी अवघड निघालं.

मोटार कुठेही जाते. बस जात नाही. गावोगाव वेशीवर आता कमानी बांधल्यात, त्यांच्याखालून आमच्या टपावरची टाकी जात नाही. कमान नसेल तर विजेच्या तारा पोटासारख्या सुटून खाली आलेल्या असतात. तारा नसतील तर आंब्याची फांदी. आणि हे सगळं पार करून आत गेलात, तर वळायचं कुठे? एका ठिकाणी हे रिव्हर्समध्ये अख्खा गाडीरस्ता मागे आले, आणि मी मागे चालत "येऊ द्या, येऊ द्या, थांबा" करत होते. बांधावर बसलेल्या दोघा म्हाताऱ्यांची चांगली करमणूक झाली. त्यांनी आम्हाला शेवटी चहा पाजला, ही गोष्ट वेगळी.

मी मोबाइलवर वरून दिसणारा नकाशा बघायला शिकले. दुपारी लेक झोपली की हेच काम. हिरव्यात कुठे तपकिरी मोकळा ठिपका दिसला की खूण करायची आणि रविवारी जाऊन बघायचं. पहिला ठिपका आठवडे बाजाराचा निघाला. दुसरा स्मशानाचा. तिथे जागा उत्तम होती, शेड होतं, पाणी होतं, गाडी दोनदा वळेल एवढं मैदान होतं, आणि कोणी काही बोलायलाही येणार नव्हतं. मी म्हटलं, "काय वाईट आहे?" हे म्हणाले, "चल गाडीत बस."

गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला गेलो, तर सुट्टीच्या दिवशी पोरं गाड्यांचे दरवाजे उघडे टाकून गाणी लावून बसलेली. इतकी मोठी गाणी की पाण्यातले बगळे उठून गेले. त्याला कोणाची हरकत नाही. हरकत फक्त माझ्या लेकीच्या घशाला.

विंचूरची गोष्ट तर मी माहेरी अजून सांगितलेली नाही, कारण जन्मभर चिडवतील. रविवारी दुपारी बाजाराच्या अलीकडे एवढं मोठं, सपाट, रिकामं मैदान दिसलं. एक माणूस नाही. मी ओट्यावर ताटात पाणी ठेवून बघितलं, पाणी जरासुद्धा कलंडलं नाही. गाडी सपाट असली तरच लेक झोपते, म्हणून हा माझा नियम. म्हटलं, सापडली जागा. चहा केला, खुर्च्या टाकल्या, हे तर चक्क घोरायला लागले. सोमवारी उजाडताना उठून पडदा सरकवते तर काय, चारी बाजूंनी ट्रॅक्टर. कांद्याने भरलेल्या ट्रॉल्या, पुढे ट्रॅक्टर, मागे ट्रॅक्टर, आणि मध्ये आमची शाळेची बस. कांद्याच्या लिलावाची रांग तिथे लागते, हे बाजारात फुलं विकून वाढलेल्या बाईला कळू नये? एक जण खिडकीवर टकटक करून विचारतो, "मावशी, तुमचा माल कुठला?" लिलाव संपून रांग हलेपर्यंत आम्ही तिथेच. लेक त्या सगळ्या हॉर्नमध्ये नुसती बसून होती. गोळीचा अंमल. पूर्वी असती तर तिने त्या हॉर्नना मागे टाकलं असतं, आणि मला ते आवडलं असतं.

परत येताना हे म्हणाले, "बस झालं आता. तू कशाला एवढा हट्ट धरतेस?" मी म्हटलं, "हट्ट नाही धरणार तर काय धरू? तिचा हात धरून लाळ पुसत बसू जन्मभर?"  पण घरी पोचल्यावर ह्यांनीच वही-पेन्सिल नाही, काही नाही, नुसतं जेवता जेवता डोकं लावलं. म्हणाले, "आपण रिकामी जागा शोधतोय, ते चुकतंय. मोठी गाडी आधी कुठे जाऊन आलीय, ते शोधायला हवं."

त्यावरून आधी सिन्नरच्या डोंगरावर गेलो. तिथे पवनचक्क्या आहेत, आणि त्यांची लांबच लांब पाती वर न्यायची म्हणून रस्ता ऐसपैस, वळणं सावकाश. गाडी लोण्यासारखी वर गेली. पण वर पोचलो आणि लेकीने दोन्ही हात कानांवर दाबले. त्या पात्यांचा घूं घूं आवाज मला थोडाच वेळ जाणवला, तिला सारखा. गोळीच्या गुंगीतही तिने हात खाली घेतले नाहीत. चहासुद्धा न करता आम्ही उतरलो.

मग ह्यांना एसटीची मुक्कामी गाडी सुचली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. डोंगरातल्या शेवटच्या गावाला संध्याकाळी जी एसटी जाते, ती रात्री तिथेच थांबते आणि सकाळी लोकांना घेऊन परत येते. म्हणजे त्या गावाला एवढी मोठी गाडी रोज जाते, रोज वळते, आणि रात्रभर उभीही राहते. कमानीचं, तारांचं, फांद्यांचं सगळं उत्तर एसटीने आधीच देऊन ठेवलेलं. ह्यांनी स्टँडवर जाऊन फळ्यावरच्या मुक्कामी गाड्या बघितल्या, आणि त्यातली सुरगाण्याच्या पलीकडची, पार टोकाची निवडली. मी ह्यांना म्हटलं, "लग्नाला एवढी वर्षं झाली, आज पहिल्यांदा तुमचं कौतुक करावंसं वाटतंय." हे लाजले.

गाव डोंगराच्या कुशीत होतं. भात, नागली कापून झालेली, शेतं मोकळी. एसटी वळते तिथे पिंपळाचा पार, आणि पारावर एकच माणूस, तो त्या गावचा पोलीस पाटील निघाला. ह्यांनी विचारलं, "वर कुठे गाडी लावून चार दिवस राहता येईल का?" तो म्हणाला, "राहा की. पण करायचं काय तुम्हाला तिथं?"

हे शब्द शोधायला लागले. मी सरळ सांगितलं, "आमच्या पोरीला ओरडायचंय."

त्याने खिडकीतून लेकीकडे बघितलं. हसला नाही, नवलही केलं नाही. म्हणाला, "मग वरच बरं हे. रस्ता केला तवा खडी फोडायला जागा केलेली, ती पडून हे. जागा सरकारी, कोनाची नाय. आन ऐकायलाबी कोन नाय. समदी द्राक्षाला गेलीत, तुमच्याकडंच."

खरंच होतं ते. थंडीत या डोंगरातली माणसं जीप भरभरून दिंडोरी, निफाडच्या बागांमध्ये कामाला येतात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. आम्ही त्यांच्या रिकाम्या झालेल्या गावात जागा मागायला आलो होतो.

खडीची जागा म्हणजे काय सांगू. कठीण मुरूम, चाक रुतणार नाही. एका अंगाला कडा, पुढे खोल दरी, दरीपलीकडे दुसरा डोंगर. जवळ झरा. ताटातलं पाणी जरा कललं, तर ह्यांनी एका चाकाखाली फळी सारली. फोनला रेंज नाही, ती थोडं खाली वळणावर येते. मी त्या वळणावर जाऊनच डॉक्टरांना फोन लावला. म्हटलं, "जागा मिळाली. करा कमी."

घरी परतून गोळी हळूहळू उतरवत आणली. एका सकाळी मेथी निवडत होते, तर तिने माझ्या हातातून काडी घेतली आणि पानं ओळीत लावायला सुरुवात केली. मी तिथेच बसून रडले. त्याच दुपारी आवाज फुटला. जुना, मोठा, भिंती हलवणारा. लगेच बेल वाजली. मी दार उघडून म्हटलं, "निघालोच आहोत," आणि खरंच निघालो. कुकरमधला भात तसाच डब्यात भरला.

सांज होताना खडीच्या जागेवर पोचलो. हे फळी सारत होते, मी पाण्याचा हंडा उतरवत होते. लेक बसच्या पायरीवर बसली होती, तोंड दरीकडे. आणि तिने सुरू केलं. "आऽऽऽ." हंडा टाकून मी खिडक्यांकडे धावले. एवढ्या लांब कशाला आलो, हेही विसरले. हात खिडकीच्या काचेवर गेला, आणि समोरच्या डोंगरावरून आवाज आला.

"ओऽऽऽ."

मला वाटलं, प्रतिध्वनी. पण प्रतिध्वनी वेगळा शब्द कसा काढेल? बाईचा आवाज होता. समोरच्या उतारावर कुठेतरी एक धूर दिसत होता, तेवढंच.

लेक थांबली. श्वास संपण्याआधीच थांबली. आजवर तिला आम्ही थांबवलं होतं, दटावून, कुरवाळून, गोळीने. अशी मध्येच, आपणहून ती कधीच थांबली नव्हती. मान वाकडी करून ऐकत राहिली. मग परत ओरडली, पण आखूड. "आऽ."

"ओऽऽऽ," पलीकडून.

असं किती वेळ चाललं मला सांगता येणार नाही. एकीने ओरडायचं, दुसरीने ओ द्यायचा. मध्येच लेक हसली. हे फळी हातात धरूनच उभे होते, डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून खांद्याला पुसत होते. अंधार पडला तशी लेक उठून आपणहून आत गेली आणि पलंगावर आडवी झाली. घरी असती तर अजून बराच वेळ ओरडली असती.

सकाळी मी झऱ्यावर भांडी घासत होते, तर दरीतून एक बाई चढून आली. हातात विळा, डोक्याला फडकं, धाप लागलेली. माझ्याच वयाची असेल. नवरा, मुलं सगळी द्राक्षाला गेलेली, गुरांसाठी ती एकटी मागे राहिलेली, हे नंतर कळलं. समोरच्या डोंगरावरून इथे यायचं म्हणजे आधी पूर्ण खाली उतरायचं आणि मग परत चढायचं.

"काल सांजचं कोन हाक मारत होतं?" तिने विचारलं.

 इतक्या लांब येऊनही तक्रार पोचलीच, असं वाटलं. मी पदर खोचून उभी राहिले. भांडायची सवय अशी जात नाही. म्हटलं, "माझी लेक. तिला बोलता येत नाही, ती तशीच ओरडते. कोणाला त्रास व्हावा म्हणून नाही. जागा सरकारी आहे, पाटलांना विचारून राहिलोय."

तिने माझं भाषण ऐकून घेतलं, पण त्याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. म्हणाली, "आमच्याकडं फोन लागत नाय. इकडून हाक मारली का तिकडून ओ द्यायचा, मंग हाक मारनारानं काय ते सांगायचं. मी किती येळा ओ दिला. पन तिनं पुढं काय सांगितलंच नाय. रातभर झोप नाय आली. म्हनलं, जाऊन इचारावं." आणि बसच्या पायरीवर बसलेल्या लेकीकडे बघत तिने विचारलं, "काय पायजे होतं तिला?"

तेवीस वर्षांत लोकांनी मला विचारलं, ही कधी थांबणार. का ओरडते विचारलं, उपचार चालू आहेत का विचारलं, दुसरीकडे घर बघत नाही का विचारलं. डॉक्टरांनी विचारलं, आईवडिलांनी विचारलं. हे मात्र कोणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. मी खिडक्या लावत राहिले.

"माहीत नाही," मी म्हटलं. 

ती जाऊन लेकीच्या शेजारी पायरीवर बसली. लेकीने तिच्याकडे बघितलं, तिच्या फडक्याचं टोक बोटांत धरून बघितलं आणि सोडलं. दोघी दरीकडे तोंड करून बसल्या. मी चहा दिला तो तिने बशीतून प्यायला, आणि उठताना म्हणाली, "आज हाक मारल तर परत ओ दीन. सांगल कवातरी."

ती दरीत उतरून दिसेनाशी झाली तशी मी खाली वळणावर गेले आणि डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "आवाज परत आला असेल ना? मग गोळी पहिल्यासारखी करायची का?"

म्हटलं, "नाही. कमी केलीय तेवढीच ठेवा."

"आणि लोकांचं काय?"

"इथे एक बाई आहे," मी म्हटलं. "ती ओ देते."